फिरता नको, शाळेतला विशेष शिक्षक हवा

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आणि समावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली. पण पटावर नाव आले म्हणून मूल शिकू लागत नाही. दृष्टिहीन मुलाला ब्रेल लागते, अध्ययन अक्षमता असलेल्याला वाचनाचा वेगळा, सावकाश सराव. विशेष शिक्षक ही गरज हेरतो, वैयक्तिक आराखडा आखतो आणि वर्गशिक्षकाला शिकवण्याची रीत बदलायला मदत करतो. यातले शेवटचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण मूल दिवसाचा बहुतेक वेळ वर्गातच असते. अनेक शाळांना मिळून एक फिरता शिक्षक पुरेसा, असे म्हणणाऱ्यांनी रोजच्या सरावाचे काय, हे सांगावे. केंद्र सरकारने 2022मध्ये प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग मुलांमागे 1 विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. पालकांनी ते शाळेकडे मागावे.