निपाहचा माग सह्याद्रीत
मावळातली कार्ले-भाजे लेणी ज्या सह्याद्रीत कोरली आहेत, त्याच रांगेत महाबळेश्वरच्या एका गुहेत मार्च २०२० मध्ये वटवाघळांचे नमुने घेतले गेले. काहींच्या रक्तात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. महाराष्ट्रातली ही पहिलीच नोंद. प्रतिपिंडं म्हणजे साथ नव्हे, आणि मावळातल्या गुहांमधून वटवाघळं हुसकावण्याचं तर मुळीच कारण नाही. नमुने तपासण्याचं हे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं (स्थापना १९५२). निपाहसारखा घातक विषाणू हाताळण्यासाठी लागणारी बीएसएल-४ प्रयोगशाळा तिच्या पाषाण आवारात आहे. केरळमधल्या २०२३ च्या निपाहच्या निदानावर शिक्कामोर्तब पुण्यातच झालं. निपाहसारख्या, माणूस, जनावरं आणि वन्यजीव यांच्या आजारांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या ‘वन हेल्थ’ संस्थेची नागपुरात डिसेंबर २०२२ मध्ये पायाभरणी झाली.