मातीचा तास (भाग ५) : बेंदराचा बैल

आषाढ लागला की कोल्हापूरच्या बाजारात बेंदूर या बैलांच्या सणासाठी मातीच्या बैलजोड्या दिसू लागतात. शाहूपुरी आणि गंगावेशीच्या कुंभार गल्ल्यांत त्याच्या आधीपासूनच लगबग असते. कर्नाटकी बेंदूर तर आणखी लवकर, ज्येष्ठी पौर्णिमेला. म्हणजे नव्या वर्गात मुलं रुळतात न रुळतात तोच त्यांच्या डोळ्यांसमोर बैल असतो. मातीच्या तासाला याहून चांगला विषय मला सापडलेला नाही.

मागच्या आठवड्यात शाडूची माती मळून ठेवली होती. आता प्रत्येकाला मोठ्या पेरूएवढा गोळा द्यायचा. साचा मात्र द्यायचा नाही. साच्यातून चाळीस मुलांचे चाळीस बैल सारखे निघतात आणि पाय पोटाला कुठे येतात हे एकालाही शोधावं लागत नाही.

पहिल्या दहा मिनिटांतच वर्गात दोन तऱ्हा दिसतात. काही मुलं गोळा दाबून, चिमटून त्यातूनच पाय नि शिंगं ओढून काढतात. काही पोट वेगळं, पाय वेगळे, डोकं वेगळं करून जोडत बसतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियन कलाशिक्षकाने व्हिएन्नात अंध आणि अधू दृष्टीच्या मुलांबरोबर काम करताना हा फरक पाहिला आणि १९४७च्या आपल्या पुस्तकात मांडला. त्याच्या मते या विचाराच्याच दोन रीती. एकाला आधी अख्खा बैल दिसतो, दुसऱ्याला अवयव जुळता जुळता बैल भेटतो. म्हणून ओढणाऱ्याला जोडायला लावू नये आणि जोडणाऱ्याला ओढायला. मी कैक वर्षं हेच करत होते. जोडलेले पाय सुटतात म्हणून सगळ्यांनाच एका गोळ्यातून बैल काढायला लावायचे. बैल मोडेनासे झाले खरे, पण निम्मी मुलं माझ्या हातांकडे बघत गप्प बसून राहायची. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जोडणाऱ्यांना हवी असते ती सांध्याची युक्ती. दोन्ही बाजूंना काडीने आडवेउभे ओरखडे काढायचे, त्यांवर घुसळलेल्या दह्याएवढा दाट चिखल लावायचा, पाय दाबून बसवायचा आणि बोटाने सांधा सारवून टाकायचा. नुसत्या पाण्याने चिकटवलेला पाय वाळताना निखळतोच.

पहिली-दुसरीतली मुलं बैल पाटीवर आडवा घालतात, चित्रातल्यासारखा चपटा. त्या वयाला तेच बरोबर आहे. "हा उभा राहील का रे?" एवढं विचारून पुढे जावं. आपण हात लावून तो उभा केला की तो त्याचा बैल राहत नाही.

ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांच्या बैलाला न सांगता वशिंड येतं, गळ्याखाली पोळी लोंबते, खिलारासारखी शिंगं मागे वळतात. पेठांतल्या मुलांनी बैलाच्या अंगावरून हात फिरवलेला नसतो. त्यांना फोटो दाखवण्यापेक्षा गोठ्यातल्या मुलाला बोलतं करावं. वर्गात एरवी मागच्या बाकावर बसणारा असा मुलगा त्या दिवशी सगळ्यांना वशिंड शिकवतो.

वाळवण्याची घाई नको. शिंगं, शेपटी बारीक म्हणून आधी वाळतात आणि आकसतात, पोट मात्र ओलंच असतं. तडा जातो तो या दोहोंच्या मधोमध. म्हणून बारीक भागांवर ओलसर फडकं ठेवावं आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत ठेवावेत. कोल्हापूरचा आषाढातला दमट वारा इथे आपल्या बाजूने असतो.

पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या उत्खननात सातवाहनकाळातल्या मातीच्या वस्तू मिळाल्या. त्या भाजलेल्या होत्या म्हणून टिकल्या. आपले बैल कच्चे. ज्यांचे धड राहिले ते बेंदराच्या पूजेला घरी जातील. मोडलेले फेकू नयेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि मग बादलीत पाण्यात सोडावेत. वाळलेली माती पाण्यात भराभरा विरघळते, ओलसर गोळा मात्र तसाच बसून राहतो. दोन दिवसांनी वरचं पाणी काढून टाकलं की नागपंचमीच्या नागोबाची माती तयार.