पाण्यात उभं पीक माना का टाकतं?

2022 च्या जुलैत अतिवृष्टीनं वसमत तालुक्यातल्या कुरुंदा गावात पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलं. पण पूर नसतानाही, नुसती झड लागली तरी तालुक्यातल्या काळ्या, भारी रानांत पाणी तुंबतं आणि थोड्याच दिवसांत सोयाबीन पिवळं पडून माना टाकतं. ‘खत धुऊन गेलं’ म्हणत त्याच चिखलात युरिया फेकला जातो. नत्र वाहून जातं हे खरंच, पण त्याआधी मुळं गुदमरलेली असतात.

झाडाचं श्वसन म्हणजे पानांचं काम, हा गैरसमज इथं महागात पडतो. श्वसन प्रत्येक जिवंत पेशीत चालतं, मुळांच्या पेशीतही. पानांनी केलेली साखर मुळांपर्यंत पोहोचते. तिथं ऑक्सिजनच्या मदतीनं तिचं विघटन होऊन ऊर्जा सुटते आणि एटीपी या रेणूत साठते. हा ऑक्सिजन मुळांना मातीच्या कणांमधल्या हवेतून मिळतो. वाफशावरच्या रानात ती हवा असते, तुंबलेल्या रानात तिची जागा पाणी घेतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो.

मग मूळ ऑक्सिजनशिवाय भागवू पाहतं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एरवी 30 ते 32 एटीपी मिळतात, आता फक्त 2. वर अल्कोहोल तयार होतं. पेशींत आम्लता वाढली की मुळांची पाणी आत घेण्याची वाट आखडते, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं सुकतं. सोयाबीनचं एक झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडून पाहा. आत गुलाबी-लाल दिसली तर नत्र बांधणारे जिवाणू कामात आहेत. करडी किंवा हिरवट निघाली तर ते काम थांबलं आहे. अशा वेळी आधी चर काढून पाणी बाहेर काढावं, वाफसा येऊ द्यावा आणि खताचा विचार त्यानंतर करावा. हळद गादीवाफ्यावर लावण्याचं मोठं कारणही हेच: कंदाभोवती पाणी थांबत नाही, हवा खेळती राहते आणि कंदकुजीला वाव कमी मिळतो.

‘झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि श्वसन फक्त रात्री करतात,’ हेही असंच घट्ट बसलेलं. श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यानं ते झाकलं जातं, एवढंच. रात्री झाडाखाली झोपल्यानं जीव गुदमरतो ही भीती निराधार आहे. शेजारी झोपलेला माणूसही कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याची आपल्याला कधी भीती वाटत नाही.

तोडलं, खणलं की जीव संपला, असंही मानलं जातं. पण केळीचा घड कापल्यावरही श्वसन करत राहतो. पिकताना त्याचा वेग एकदम वाढतो, उष्णता सुटते आणि गच्च भरलेला माल आतून तापतो. म्हणून पिकवणीच्या खोलीत गारवा जपावा लागतो. मात्र सुमारे 13 अंशांखाली गेलं की केळीची साल काळवंडते.

हळदीचं बेणंही पुढच्या लागवडीपर्यंत जिवंतच असतं आणि स्वतःतला पिठूळ साठा हळूहळू खर्चत असतं. ते प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून ठेवू नये. सावलीत ढीग घालून वर हळदीचा पाला पसरावा.