गरम टायरची हवा

कारच्या ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक छोटं स्टिकर दिसतं. टायरमध्ये किती हवा हवी ते त्यावर छापलेलं असतं. हॅचबॅक असेल तर बहुधा ३० ते ३५ पीएसआय. हा आकडा थंड टायरचा आणि रोजच्या रस्त्यासाठी अगदी योग्य. पण हीच गाडी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ‘ट्रॅक डे’ला उतरवली की चार-पाच लॅपमध्येच तो निरुपयोगी ठरतो.

सव्वापाच किलोमीटरला थोडं कमी भरणारं हे सर्किट, १६ वळणं, आणि एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. त्या पट्ट्याच्या टोकाला ब्रेक करकचून दाबावे लागतात. रबर सतत दबतं, पिळवटतं आणि तापतं. ब्रेकची धगही रिममधून आत पोचते. आतल्या हवेला पसरायला जागा नसते, त्यामुळे दाब चढतो. ३० अंशांना ३२ पीएसआय असलेली हवा ८० अंशांपर्यंत तापली तर गेजवर जवळपास ४० दिसतात. एवढ्या हवेने टायरचा मधला पट्टा फुगतो, कडा रस्त्यावर नीट टेकत नाहीत आणि वळणावर गाडी बाहेर सरकायला लागते.

म्हणून अनुभवी चालक गरम टायरचा आकडा धरून उलटा हिशेब करतात. साध्या रोड टायरला गरम असताना ३४ ते ३८ पीएसआयच्या दरम्यान कुठेतरी चांगली पकड मिळते. तेवढ्याच तापमानाला ३४ हवे असतील तर सकाळी २७च्या आसपास सुरुवात करावी लागते. पहिला लॅप अर्थातच सबुरीने.

खरं काम पिटमध्ये होतं. गाडी थांबल्या थांबल्या, हेल्मेट काढायच्याही आधी, चारही व्हॉल्व्हना गेज लावायचं. पाच मिनिटं गप्पांत गेली तर आकडा उतरलेला असतो आणि मोजणी वाया जाते. जास्तीची हवा सोडायची, वहीत लिहायचं, पुन्हा बाहेर. चारही टायर सारखे तापत नाहीत. बुद्ध सर्किटवर गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, त्यामुळे एकूण भार डाव्या टायरवर जास्त पडतो. त्यात गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा डावा सगळ्यात जास्त सोसतो.

गेज सांगत नाही ते खडू सांगतो. टायरच्या खांद्यापासून साइडवॉलपर्यंत खडूची रेघ ओढायची आणि काही लॅपनंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघायचं. बऱ्याच टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण असतो. त्याच्याही खाली रेघ पुसली असेल तर टायर वळणावर आडवा होतोय, हवा वाढवायला हवी.

पकडीच्या मोहापायी हवा सोडतच जाणं फार धोक्याचं. फॉर्म्युला वनच्या २०१३च्या सिल्व्हरस्टोन शर्यतीत हॅमिल्टन, मासा आणि व्हर्न यांचे मागचे डावे टायर भर वेगात फाटले. टायर पुरवणाऱ्या पिरेलीने जी कारणं दिली, त्यांत डावे-उजवे टायर अदलाबदल करून लावणं, चाकांचा जादा तिरपेपणा आणि उंच कर्ब यांच्याबरोबर कमी हवाही होती. दोन वर्षांनी मोंझाला हॅमिल्टनचा एक टायर किमान मर्यादेपेक्षा फक्त ०.३ पीएसआय कमी निघाला, तरी जिंकलेल्या शर्यतीची चौकशी झाली.

नायट्रोजन भरला की दाब चढतच नाही, हा समज मात्र खोटा. तापला की त्याचाही दाब तितकाच चढतो. फायदा एवढाच, की तो कोरडा असतो. पंपावरच्या हवेत दमटपणा असेल तर दाब आणखी चढतो आणि अंदाज चुकतो.

संध्याकाळी घरी निघताना गेजवर ३४ दिसत असतील, तरी ते गरम टायरचे आहेत. टायर निवल्यावर २७च उरतील, आणि माणसं-सामान भरलेली गाडी तशी यमुना एक्सप्रेसवेवर नेणं धोक्याचं. टायर पूर्ण निवेपर्यंत थांबायचं, सोबतच्या १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरने स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत हवा भरायची आणि मगच फाटकाबाहेर पडायचं. थांबायला वेळ नसेल तर स्टिकरपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर पुन्हा गेज लावायचं.