तीन अस्वलं, पाच सूर

दक्षिण कोरियात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला ‘गोम से मारी’ हे गाणं येत नाही, असं सहसा होत नाही. नावाचा अर्थ ‘तीन अस्वलं’. एका घरात बाबा, आई आणि बाळ अशी तीन अस्वलं राहतात. बाबा जाडजूड, आई सडपातळ, बाळ भारी गोड. शेवटी खांदे उडवून शाबासकी, की संपलं गाणं. २००४ साली ‘फुल हाउस’ या मालिकेत नायिका साँग हे-क्यो हिनं ते हातवाऱ्यांसह म्हटलं आणि मालिका जिथे जिथे गेली, तिथे तिथे अस्वलांचं हे कुटुंबही पोहोचलं.

कोरियन मुलांना इंग्रजी शिकवताना अनेक शिक्षक याच गाण्याला हात घालतात. चाल तीच, हातवारे तेच, शब्द मात्र इंग्रजी. वरवर पाहता ही साधी युक्ती वाटते. ती कशी चालते आणि कुठे फसते, हे मात्र नीट पाहण्यासारखं आहे, कारण परकी भाषा लहान मुलाच्या तोंडात कशी रुळते याचं अख्खं गणित या छोट्याशा गाण्यात सापडतं.

आधी कोरियातली परिस्थिती. तिथे १९९७पासून इंग्रजी हा तिसरीपासूनचा सक्तीचा विषय आहे. तिसरी-चौथीत आठवड्याला दोन तास, आणि प्राथमिक शाळेतला तास चाळीस मिनिटांचा. म्हणजे शाळेत आठवड्याला ऐंशी मिनिटं इंग्रजी. घरी, रस्त्यावर, दुकानात सगळा कारभार कोरियनमध्ये. पालकांना अर्थातच एवढ्यावर चैन पडत नाही. ‘हाग्वॉन’ नावाच्या खासगी शिकवण्या गल्लोगल्ली आहेत आणि लोक ज्यांना सर्रास ‘इंग्रजी बालवाडी’ म्हणतात त्याही कायद्याच्या लेखी शिकवण्याच आहेत. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर चालणाऱ्या इंग्रजीच्या वर्गांवर २०१८मध्ये बंदी आली आणि पालकांच्या रेट्यापुढे ती २०१९मध्ये मागेही घ्यावी लागली. एवढी घाई असलेल्या समाजात मुलाच्या ओळखीचं कोरियन गाणं इंग्रजीच्या तासाला आणणं म्हणजे वेळेची उधळपट्टी, असं कुणालाही वाटेल. इंग्रजी शिकायचं तर इंग्रजांचीच गाणी घ्या ना!

मला हा आक्षेप पटत नाही. अनोळखी इंग्रजी गाणं समोर येतं तेव्हा मुलाला एकाच वेळी चाल, शब्द, अर्थ आणि उच्चार अशी चार ओझी उचलावी लागतात. ‘गोम से मारी’त चाल पाठ असते, अर्थ ठाऊक असतो, कुठल्या शब्दाला हात कुठे न्यायचा हेही अंगवळणी पडलेलं असतं. गाण्याबरोबरच्या या हालचालींना तिकडे ‘युलदोंग’ म्हणतात आणि कोरियन बालवाडीत त्याशिवाय पान हलत नाही. उरतं फक्त इंग्रजी. मुलाचं सगळं लक्ष त्या एकाच नव्या गोष्टीकडे लागू शकतं. शब्द आणि शरीराची हालचाल एकत्र आली की परकी भाषा लवकर समजू लागते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर १९६०च्या दशकापासून सांगत होते. त्यांची शिकवण्याची पद्धतच त्यावर उभी आहे.

चालीचं म्हणाल तर तिचाही आधार खराच आहे, पण सरसकट नाही. १९९४मध्ये वांडा वॉलेस यांनी दाखवलं, की गाऊन ऐकवलेला मजकूर बोलून ऐकवलेल्यापेक्षा चांगला लक्षात राहतो, मात्र चाल सोपी असेल आणि कडव्यामागून कडव्यात तीच ती येत असेल तरच. एकदाच कानावर पडलेली नवी चाल मदत करत नाही. उलट तिचंच वेगळं ओझं होतं. २०१४मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी साठ प्रौढांना हंगेरियन भाषेतली छोटी छोटी वाक्यं शिकवली. कुणाला बोलून, कुणाला ठेक्यात, कुणाला गाऊन. पंधरा मिनिटांच्या सरावानंतर गाणाऱ्यांनी बाजी मारली. तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता, त्यामुळे त्यातून मुलांबद्दल थेट निष्कर्ष काढू नये. पण वॉलेस यांचं म्हणणं आपल्या अस्वलांना नेमकं लागू पडतं. शेकडो वेळा गायलेली चाल आधीच हाताशी असेल, तर नवी कशाला हवी?

इथवर सगळं सुरळीत वाटतं. अडचण पहिल्याच ओळीत येते.

गाण्याच्या नावाला ‘गा’ हा छोटा प्रत्यय लागला की गाण्याची सुरुवात होते. गोम, से, मा, री, गा. पाच अक्षरं आणि त्यांना पाच सूर, सगळे एकाच उंचीचे. एका अक्षराला एक सूर. कोरियन भाषेचा स्वभावच असा आहे, शब्दातली अक्षरं साधारण सारख्या वजनानं पडतात. आता इंग्रजीतलं ‘थ्री बेअर्स’ घ्या. इंग्रज माणूस ते दोन ठोक्यांत म्हणतो. कोरियन मूल ते आपल्या लिपीतून वाचतं तेव्हा मात्र ‘स्सु-री-बे-ऑ-जु’ असं होतं. कोरियनमध्ये ‘थ्र’सारखं जोडाक्षर शब्दाच्या सुरुवातीला चालत नाही, म्हणून मध्ये एक स्वर शिरतो. शेवटचा ‘झ’ त्या भाषेत नाही, म्हणून तिथे ‘जु’ येतो. दोनाची झाली पाच अक्षरं. आणि चालीत सूर किती? पाचच! चाल त्या चुकीच्या उच्चाराला हाताला धरून बसवते. वर्ग खणखणीत आवाजात गातो, आई-बाबा कौतुकानं व्हिडिओ काढतात आणि जो उच्चार पुढची दहा वर्षं मोडायचा आहे तो चालीसकट पक्का होतो.

म्हणून हे गाणं इंग्रजीत नेणं हे भाषांतराचं काम नाही, ते बंदिश बांधण्याचं काम आहे. इंग्रजीत वजन ठरावीक शब्दांवर पडतं आणि बाकीचे शब्द घाईनं उरकले जातात. ‘देअर आर थ्री बेअर्स’ म्हणताना ‘देअर आर’ हे हलके शब्द आहेत, जोर ‘थ्री’वर आणि ‘बेअर्स’वर. ख्यालगायक मुखडा समेच्या आधी उचलतो आणि नेमक्या शब्दावर समेला येतो, तसंच इथे करावं लागतं. ‘देअर आर’ आधीच्या मात्रेतच उरकायचं, ‘थ्री’ला पहिल्या मात्रेवर उतरायचं, ‘बेअर्स’ला तिसऱ्या मात्रेवर, आणि दोन्ही शब्द दोन-दोन मात्रा लांबवायचे. असं केलं की मधल्या उपऱ्या स्वरांना जागाच उरत नाही. न्यूयॉर्कच्या कॅरोलिन ग्रॅहम यांनी १९७८मध्ये ‘जॅझ चँट्स’ या पुस्तकातून बोलत्या इंग्रजीचा ठेका टाळ्यांवर शिकवायला सुरुवात केली, त्यामागचं सूत्रही हेच होतं. आधी भाषेचा ठेका ऐकायचा, मग त्यावर शब्द ठेवायचे. ज्या शिक्षकाला हे समजलं, तो आधी टाळ्या वाजवून घेतो आणि चाल नंतर आणतो.

दुसऱ्या ओळीपासून व्याकरण सुरू होतं आणि इथे हे गाणं खरोखर गुणी ठरतं. कोरियनमध्ये ‘जाड असणं’ हे एकच क्रियापद आहे. ‘बाबा अस्वल’ म्हटलं आणि ते क्रियापद जोडलं की वाक्य पुरं. त्यामुळे कोरियन मूल इंग्रजीत सहज ‘पापा बेअर बिग’ म्हणून मोकळं होतं, ‘इज’ गळतो. गाण्यात हे वाक्य लागोपाठ तीनदा येतं, फक्त कर्ता आणि विशेषण बदलतं. प्रत्येक वेळी ‘इज’ तिथेच, त्याच सुरावर. मूल तो विसरलं तर सूर रिकामा राहतो आणि चूक त्याच्या स्वतःच्याच कानाला खटकते. शिक्षकाला तांबडी रेघ मारावी लागत नाही. अनेकवचनाचंही तसंच. ‘गोम’ एक असो की तीन, शब्द बदलत नाही, बदलतो फक्त आकडा. त्यामुळे ‘बेअर्स’मधला शेवटचा ध्वनी कोरियन मुलाला फालतू वाटतो. तीन बोटं वर आणि ‘बेअर्स’, एक बोट वर आणि ‘बेअर’, असा बोटांशी बांधला की तो टिकतो.

शब्द निवडतानाही डोकं लावावं लागतं. कोरियनमध्ये दात-ओठांनी काढलेला ‘फॅन’मधला फ नाही, ओठ मिटून काढलेला ‘फळा’तला आहे. ‘द’ आणि ‘थ’ यांचे इंग्रजी घर्षक उच्चारही नाहीत. ‘फादर’ या एका शब्दात हे दोन्ही खड्डे आहेत, ‘थिन’मध्ये आणखी एक. सहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी त्यात पाडण्यात अर्थ नाही. ‘पापा’ आणि ‘मामा’ घेतले की रस्ता सपाट होतो. ‘फादर’ची पाळी महिन्याभरानं आली तरी आभाळ कोसळत नाही.

‘फॅट’ तर उच्चारासाठीच नव्हे, अर्थासाठीही बाजूला ठेवावा असं मला मनापासून वाटतं. कोरियन गाण्यात बाबांचं जाड असणं लाडाचं आहे. इंग्रजीत हाच शब्द समोरच्याच्या तोंडावर म्हणणं अपमान ठरतो आणि मूल तो उद्या वर्गातल्या एखाद्या गुबगुबीत मित्रावर वापरून पाहणारच. शिवाय आई म्हणजे सडपातळच, ही खूणगाठ पाच वर्षांच्या मुलीच्या मनात दोन भाषांमध्ये बांधण्याची काय गरज? बाबा ‘टॉल’ असू दे, आई ‘स्ट्राँग’ असू दे. चाल काही तक्रार करत नाही.

कोरियाचं जगभर गाजलेलं बालगीत मात्र वेगळंच. सोलमधल्या पिंकफाँग कंपनीचं ‘बेबी शार्क’ आपल्याकडे दीड वर्षाच्या पोरांनाही तोंडपाठ आहे. त्याचं मूळ अमेरिकेतल्या शिबिरांमध्ये शेकोटीभोवती गायल्या जाणाऱ्या गाण्यात आहे. पिंकफाँगचा २०१६चा नाचाचा व्हिडिओ नोव्हेंबर २०२०मध्ये यूट्यूबवर सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ झाला आणि जानेवारी २०२२मध्ये एक हजार कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिलाच. तिथेही बाळ, आई, बाबा असं कुटुंबच आहे, वर आजी-आजोबाही आहेत. पण त्यात नावं आहेत, वाक्यं जवळजवळ नाहीत. मूल नाचतं, पाच नाती शिकतं आणि तिथेच थांबतं. ‘कोण कसं आहे’ हे सांगायची सोय अस्वलांच्या गाण्यात आहे, शार्कच्या गाण्यात नाही. इंग्रजी शिकवायचं असेल तर मी डोळे मिटून अस्वलं निवडेन.

अर्थात नुसतं गाऊन कुणी बोलायला लागत नाही. पाठ झालेलं गाणं मुलाच्या तोंडात एक अखंड गठ्ठा म्हणून बसतं, आणि ‘मामा बेअर स्ट्राँग आहे का?’ असं इंग्रजीत विचारलं की तेच मूल पुन्हा पहिल्यापासून गायला लागतं. तो गठ्ठा सोडवण्याची कला म्हणजेच शिकवणं. शिक्षक मध्येच एक शब्द गिळतो आणि वर्ग तिथे फक्त टाळी वाजवतो, मग हळूहळू टाळीच्या जागी मुलं स्वतःचा शब्द घालतात. अस्वलांच्या घरात आजी येते, कारण कोरियातल्या कितीतरी मुलांना दिवसभर आजीच सांभाळते. आजी कशी आहे? ‘ग्रँडमा बेअर इज फास्ट!’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नसतं, ते त्या मुलाचं स्वतःचं असतं, आणि व्याकरणानं चोख असतं. त्यानंतर चाल सोडून नुसतं बोलायचं, मग प्रश्न विचारायचे. पुढच्या आठवड्यात तीन अस्वलांची इंग्रजी गोष्ट आणायची. रॉबर्ट साउदी यांनी १८३७मध्ये छापलेल्या रूपात अस्वलं कुटुंब नव्हतीच, तिघंही पुरुष होते आणि त्यांच्या घरात शिरणारी होती एक म्हातारी. १८५०मध्ये जोसेफ कंडल यांनी म्हातारीची लहान मुलगी केली आणि अस्वलांचं कुटुंब त्याहीनंतर झालं. गोष्टीतली अस्वलांची पेज कोरियन मुलांना समजावून सांगावी लागत नाही, घरोघरी आजाऱ्यासाठी तांदळाची ‘जुक’ शिजतेच.

इंग्रजीसाठी इंग्रजांचंच गाणं हवं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गाणं आठवतं. कोरियन मुलं फुलपाखराला बोलावतात ते ‘नाबिया’. त्याची चाल मुळात जर्मन, ‘हेन्शेन क्लाइन’ या बालगीताची. मेजी काळात तीच चाल जपानी शाळांत फुलपाखराचं गाणं होऊन शिरली. इंग्रजीत तिच्यावर ‘लाइटली रो’ हे होडीचं गाणं झालं. आपल्याकडे सुझुकी पद्धतीनं व्हायोलिन शिकणारी मुलं पहिल्याच पुस्तकात ही चाल वाजवतात. मग ती कुणाची म्हणायची?

महाराष्ट्रात २०००पासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला. तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘अ‍ॅक्शन साँग’ ऐकू येतात, आणि ती बहुतेक परकीच असतात. कोरियन अस्वलं इथे तशीच्या तशी आणून भागणार नाही. ‘इज’ आपल्या मुलांना तितका छळत नाही, कारण मराठीत ‘आहे’ आहेच. आपली अडचण प्रश्नात आहे. मराठीत साधं वाक्य बोलायचं आणि शेवटी ‘का’ लावायचा. इंग्रजीत ‘आर’ला ‘यू’च्या मागून उचलून पुढे आणावं लागतं, आणि आपली मुलं सातवीतही ‘यू आर टायर्ड?’ असंच विचारतात. आता चांदोबाचं जुनं बडबडगीत घ्या. त्याची सुरुवातच प्रश्नांनी होते, तू दमलास का, तू लपलास का. चाल प्रत्येक मुलाच्या कानात आहे, अर्थ पोटात आहे. ‘आर यू’ चालीच्या आधी उचलायचं, ‘टायर्ड’ला समेवर आणायचं. मग चांदोबाच्या जागी मांजर, आजोबा, शेजारच्या बाकावरची मैत्रीण, आणि तिनं ‘येस, आय अ‍ॅम’ किंवा ‘नो, आय अ‍ॅम नॉट’ म्हणून खरंखुरं उत्तर द्यायचं. पहिलीच्या बाईंना त्यासाठी ना यंत्र लागेल, ना वेगळं पुस्तक. लागेल ती मोकळी पंधरा मिनिटं आणि इंग्रजीच्या तासाला मराठी गाणं म्हटल्याबद्दल कुणी त्यांना बोल लावणार नाही याची खात्री.