सांबर कुठं ओरडलं? हेडफोनच्या साउंडस्टेजबद्दलचे गैरसमज

ताडोब्यात मोहर्ली गेटमधून आत गेलेली जिप्सी मध्येच थांबते. गाइड हाताने खूण करतो, चालक इंजिन बंद करतो. दूर कुठंतरी सांबर ओरडलेलं असतं आणि आता सगळे दुसऱ्या कॉलची वाट पाहत असतात. या अर्ध्या मिनिटात गाइडच्या मानेकडे पाहावं. ती स्थिर नसते. किंचित डावीकडे, मग उजवीकडे अशी ती हलत राहते आणि दुसरा कॉल आला की हात बरोबर एका बांबूच्या बेटाकडे जातो. पन्नास हजारांचा, लाखाचा हेडफोन घेऊन ‘साउंडस्टेज अरुंद वाटतो’, ‘इमेजिंग डावीकडे कलतं’, ‘गायिका समोर नाही, कपाळात गाते’ अशा तक्रारी करणाऱ्यांनी आधी ही मान समजून घ्यायला हवी. साउंडस्टेज म्हणजे गाणं ऐकताना वादक किती जागेत पसरलेत याचा भास, आणि इमेजिंग म्हणजे त्या जागेत तबला नेमका कुठं, गायिका नेमकी कुठं याचा भास. दोन्ही शब्दांच्या व्याख्येत ‘भास’ आहे. तो हेडफोनमध्ये भरून येत नाही, दोन कानांना मिळणाऱ्या फरकांवरून मेंदू तो तयार करतो. जास्त पैसे मोजले की तो आपोआप जास्त मिळतो, ही समजूत बाकीच्या सगळ्या गैरसमजांची आई आहे.

मेंदूकडे पुरावे कोणते असतात ते पाहू. दोन कानांत साधारण अठरा सेंटिमीटरचं अंतर असतं. सांबर थेट डाव्या अंगाला ओरडलं तर आवाज डोक्याला वळसा घालून उजव्या कानात सुमारे ०.६५ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि डोक्याच्या आडोशामुळे जरा कमजोर होऊन पोचतो. खालच्या पट्टीतल्या आवाजासाठी मेंदू मुख्यतः वेळेचा फरक वापरतो आणि वरच्या पट्टीत जोराचा, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलं. पण एवढ्यावर भागत नाही. नाकासमोरून आलेला आणि थेट पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो, मग पुढचा कुठला नि मागचा कुठला? इथं दोन गोष्टी कामी येतात. एक म्हणजे बाहेरच्या कानाच्या घड्या. आवाज कोणत्या दिशेने येतो त्यानुसार त्या त्याच्या वरच्या पट्टीत बारीक चढउतार करतात. दुसरी म्हणजे मान. मान उजवीकडे वळवली आणि आवाज डाव्या कानात आधी आला तर तो पुढचा, उजव्या कानात आधी आला तर मागचा. गाइड कळत-नकळत हेच गणित सोडवत असतो.

हेडफोन नेमकं हेच गणित बिघडवतो. मान वळवली की सगळा वाद्यवृंद मानेबरोबर वळतो. जगात डोक्याबरोबर फिरणारी गोष्ट एकच, खुद्द डोकं. त्यामुळे आवाज डोक्याच्या आत आहे असा निष्कर्ष मेंदू काढतो, आणि त्याचं काही चुकत नाही. त्यात आणखी एक भर पडते. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लूमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खोलीत मांडलेले दोन स्पीकर होते. स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही मिळतो, जरा उशिरा आणि जरा हळू. हेडफोनमध्ये ही देवाणघेवाण बंद असते. आजही बरीचशी गाणी स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून मिक्स होतात आणि मग हेडफोनवर गिटार एका कानाला चिकटून बसते. १९६१ मध्ये बेंजामिन बाउअर यांनी एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या बाजूला उशिराने सोडण्याची युक्ती मांडली. क्रॉसफीड नावाने ती आज अनेक प्लेअर अ‍ॅपमध्ये फुकट मिळते. कानाला चिकटलेली वाद्यं हीच तक्रार असेल, तर नवा हेडफोन घेण्याआधी ते बटण दाबून पाहायला काहीच लागत नाही.

डोळ्यांचा वाटा तर कुणी मोजतच नाही. दिवाळीनंतर देसाईगंज-वडसा परिसरातून निघणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्र-रात्र प्रयोग करतात. त्यांच्या मंडपात संवाद येतो तो रंगमंचाच्या कडेला उभ्या केलेल्या स्पीकरच्या खोक्यांतून. तरी पाहणाऱ्याला तो नटाच्या तोंडूनच आल्यासारखा वाटतो, कारण हलणारे ओठ दिसत असतात. बोलक्या बाहुल्यांच्या खेळात कान फसतो तो याच कारणाने. हेडफोन लावून डोळे मिटले, की मेंदूला टेकू द्यायला ओठ नाहीत, खोली नाही, मंच नाही. म्हणूनच त्याच हेडफोनवर मैफलीचा व्हिडिओ पाहताना गायिका अनेकांना समोर सरकल्यासारखी वाटते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. साउंडस्टेज मेंदूच बनवत असेल, तर सेनहायझरचा एचडी ८०० ऐकल्यावर जवळपास प्रत्येक जण ‘केवढा मोकळा’ असं का म्हणतो? फरक आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण २००९ मध्ये आलेल्या त्या हेडफोनची रचना पाहावी. त्यात आवाज निर्माण करणारा पडदा कानापासून बराच दूर, पुढच्या बाजूला आणि तिरका बसवला आहे. त्यामुळे आवाज थेट भोकात न घुसता आधी कानाच्या घड्यांवर पडतो, जसा समोरच्या माणसाचा पडतो. मेंदूला एक हरवलेला पुरावा अर्धामुर्धा परत मिळतो. म्हणजे काम केलं ते भूमितीने, आणि ही भूमिती त्याहून महागड्या कितीतरी हेडफोनमध्ये नसते. मागून उघडा असलेला ओपन-बॅक हेडफोन बंद हेडफोनपेक्षा मोकळा वाटतो, त्यालाही कारण आहे. बंद कपात आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि जवळ भिंत असल्याची चुगली करतो. पण ‘ओपन-बॅक म्हणजे मोठा साउंडस्टेज’ हे समीकरण चंद्रपूरच्या मे महिन्यात तपासून पाहावं. पारा ४५ च्या पुढे, खिडकीत कूलर घरघरतोय, आणि उघडा हेडफोन ती घरघर जशीच्या तशी कानात सोडतोय. रेकॉर्डिंगमधली खोली ज्यावर उभी असते ते मंद, विरत जाणारे प्रतिध्वनी त्या घरघरीत सगळ्यांत आधी बुडतात. अशा खोलीत दुपारी बंद हेडफोनच जास्त खोल वाटू शकतो.

मोठा तो चांगला, ही समजूत आणखी घातक, कारण तिच्यामुळे दोष गुण म्हणून खपतो. हेडफोनची वायर तुटते, कोपऱ्यावरच्या दुकानात सोल्डर मारून घेतात आणि एका बाजूच्या दोन तारा उलट जोडल्या जातात. काढता येणारी दोन पिनांची वायर असेल तर एका बाजूचा प्लग उलटा खोचला तरी हेच होतं. मग डावा पडदा पुढे ढकलतो तेव्हा उजवा मागे ओढतो. आवाज दोन्हीकडून येतो, जोरातही येतो, पण गायकाला जागाच उरत नाही. तो डोक्याभोवती धुरासारखा पसरतो. आणि ऐकणारा खूश होतो, काय विस्तार आहे म्हणून! याची परीक्षा सोपी. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करून कुणाचंही नुसतं बोलणं ऐकावं. आवाज डोक्याच्या मधोमध, लिंबाएवढ्या जागेत एकवटला पाहिजे. तो पसरला, तर तारा उलट आहेत.

आवाज एका बाजूला कलतो तेव्हा लोक हेडफोन थेट दुरुस्तीला धाडतात. त्याआधी संशयित एकेक करून वगळावेत. त्याच सुलभता सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या बॅलन्सची एक पट्टी असते आणि तिला चुकून बोट लागलेलं असतं, हे पहिलं पाहावं. मग मोनो बोलणं चालू ठेवून हेडफोन उलटा घालावा, डावा कप उजव्या कानावर. कल आता दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनमध्ये किंवा त्याच्या मागच्या साखळीत आहे. त्याच कानाकडे राहिला तर कानात, किंवा दुसऱ्या बाजूला कप नीट टेकत नाही यात. चष्म्याची दांडी आणि दाट केस पुरेशी फट पाडतात. दोष यंत्राकडे निघाला, तर हेडफोन सरळ घालून वायरीची डावी-उजवी टोकं अदलाबदल करावीत. कल बदलला तर वायर किंवा अ‍ॅम्प्लिफायर, नाही बदलला तर कप. अ‍ॅम्प्लिफायरवर संशय असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: फिरवायच्या साध्या बटणात अगदी कमी आवाजाला दोन्ही बाजू समान नसणं सर्रास आढळतं. फोनचा आवाज कमी करून अ‍ॅम्प्लिफायरचं बटण जास्त फिरवलं की कल निघून जातो. आणि हे सगळं मोनोवर करायचं, कारण साठच्या दशकातल्या कितीतरी स्टीरिओ गाण्यांत गायक मुद्दामच एका बाजूला ठेवलेला आहे. दोष रेकॉर्डिंगचा आणि शिक्षा हेडफोनला, असं व्हायला नको.

परीक्षा कशावर घ्यावी, हेही जंगलाकडून शिकण्यासारखं आहे. उन्हाळ्यात सागाच्या वाळक्या पानांवर पाऊल पडलं की ते कुठं पडलं हे क्षणात कळतं, कारण त्या चुरचुरीत खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या असतात आणि ती तुटक असते. उलट शिक्रा डोक्यावर आला की लहान पक्षी बारीक, एकसुरी, हळूच सुरू होऊन हळूच विरणारी शीळ घालतात. शिकाऱ्याला अशी शीळ कुठून आली हे शोधणं अवघड जातं, हे पीटर मार्लर यांनी १९५५ मध्ये मांडलं. म्हणून इमेजिंग तपासायला बासरीचा लांब स्वर घेऊ नये. टाळ्या, घुंगरू, कुजबुज, तबल्यावरचा ‘ना’ घ्यावा. बासरीची जागा सापडत नाही म्हणून हेडफोनला नावं ठेवणं म्हणजे त्या शिळेवरून पक्षी सापडला नाही म्हणून कान बदलायला निघणं.

सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण इमेजिंगला अपुरं पडतं, हा युक्तिवाद ऐकायला शास्त्रीय वाटतो म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे दोन नमुन्यांत सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचं अंतर. माणसाला दोन कानांतला दहा मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही जाणवू शकतो. मग तो फरक दोन नमुन्यांच्या फटीत हरवणार नाही का? नाही हरवत. लहर किंचित सरकली की प्रत्येक नमुन्याची उंची बदलते, आणि त्या उंचींवरून लहर पुन्हा उभी करताना सरकणं नेमकं तेवढंच परत मिळतं. सीडीत एका मायक्रोसेकंदाहून कमी फरकही शाबूत राहतो. असाच दुसरा दावा वायरीचा. वायर बदलल्यावर मंच रुंदावल्याचे अनुभव खोटं बोलून सांगितले जातात असं नाही. पण दोन वेळी आवाजाची पातळी जराशी वेगळी असेल, तर मोठा आवाज नेहमीच जास्त भरीव वाटतो. पातळी मोजून सारखी करावी, कोणती वायर लागलीय हे ऐकणाऱ्याला सांगू नये आणि मग विचारावं.

खर्चच करायचा तर कानावर टेकणाऱ्या गाद्यांवर करावा. घाम आणि पावसाळी दमट हवा यांनी नकली चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे निघतात, आतला फोम बसतो, पडदा कानाच्या जवळ येतो आणि घड्यांवर आवाज पडण्याची दिशाच बदलते. ज्या बाजूला टेकून झोपायची सवय त्या बाजूची गादी आधी बसते आणि कल सुरू होतो. ‘शंभर तास वाजवल्यावर हेडफोन उघडतो’ या समजुतीतही गादी मऊ होण्याचा काही वाटा असतो. उरलेला वाटा बराचसा ऐकणाऱ्याच्या सरावाचा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांच्या कानांच्या घड्या साचे बसवून बदलल्या. वर-खालची दिशा ओळखणं आधी पार कोलमडलं, आणि काही आठवड्यांत त्याच माणसांनी नव्या कानांनी ते पुन्हा शिकून घेतलं. प्रत्येकाच्या घड्या वेगळ्या असतात म्हणूनच सरासरी कान धरून बनवलेला ‘थ्रीडी’ आवाज एकाला समोर वाटतो नि दुसऱ्याला टाळूवर. मान वळवल्यावर मंच जागेवर ठेवणारे हेडफोन त्यातल्या त्यात जास्त लोकांना पटतात. गाइडच्या मानेचं काम तिथं सेन्सर करतो.

राहिला तो एक निकाल, जो दुकानात लागत नाही. हेडफोन उलटा घातला, गाद्या नीट टेकवल्या, आणि तरी आवाज त्याच कानाकडे कलला, तर आधी दुसऱ्या कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावं. काडी घालू नये. मळ नसेल तर श्रवणचाचणी करून घ्यावी. आणि हा कल एका रात्रीत आला असेल, एक कान अचानक बधिर झाला असेल किंवा त्यात सूं आवाज सुरू झाला असेल, तर नवा हेडफोन, नवी वायर सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावं. अशा बहिरेपणावरच्या औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक होतो.