घरगुती हस्त-पुनर्वसनात खेळ व परिधेय तंत्रज्ञानाचे स्थान

प्रस्तावना :
पक्षाघाताचा रुग्ण आधाराशिवाय चालू लागला की तो बरा झाला, असे कुटुंबीयांना वाटते. परंतु सदऱ्याचे बटण लावणे, कुलपात किल्ली फिरवणे, चिमटीत मीठ धरणे या साध्या क्रिया त्याला पुढे अनेक महिने साधत नाहीत. रुग्णालयातील उपचार संपतात आणि हाताच्या व्यायामाची जबाबदारी घरावर येते. हा व्यायाम कंटाळवाणा असल्याने हळूहळू बंद पडतो. या अडचणीवर उपाय म्हणून पुढे आलेल्या खेळांचा व अंगावर धारण करावयाच्या उपकरणांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सरावाचे प्रमाण :
मेंदूचा काही भाग निकामी झाला तरी उर्वरित भागात नव्या जोडण्या निर्माण होऊ शकतात. त्यासाठी एकच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा आवर्तनांची संख्या दिवसाला काही शेकडा असते. याउलट कॅथरीन लँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणानुसार, उपचाराच्या एका सत्रात रुग्णाच्या हाताकडून सरासरी ३२ कार्यात्मक आवर्तनेच होत होती. ही तफावत भरून काढण्याची जागा म्हणजे घर होय. शिवाय दुबळ्या हाताने काम जमत नाही म्हणून रुग्ण सर्व कामे चांगल्या हाताने करू लागतो व दुबळा हात वापरण्याची सवयच मोडते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी या अवस्थेला ‘शिकलेला अनुपयोग’ असे म्हटले आहे.

संगीत-हातमोजा :
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी विकसित केलेला ‘म्युझिकग्लव्ह’ हे या क्षेत्रातील बोलके उदाहरण आहे. या हातमोज्यात बोटांच्या टोकांवर व तर्जनीच्या कडेला विद्युत-संपर्कबिंदू असतात. पडद्यावर गाण्याच्या तालात रंगीत स्वरचिन्हे सरकत येतात. प्रत्येक चिन्हासाठी अंगठा ठरावीक बोटाच्या टोकाला, किंवा किल्ली धरताना टेकतो तसा तर्जनीच्या कडेला, नेमक्या क्षणी टेकवावा लागतो. अंगठा प्रत्यक्ष टेकल्याखेरीज गुण मिळत नाही. त्यामुळे खांदा किंवा धड हलवून वेळ मारून नेता येत नाही. खेळ आणि व्यायाम येथे एकच होतात.

या हातमोज्याची घरगुती चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पक्षाघाताच्या १७ जुन्या रुग्णांनी तीन आठवडे, आठवड्याला तीन तास सराव करावा, अशी तिची योजना होती. काही रुग्णांना हातमोजा, तर काहींना नेहमीचे छापील व्यायाम देण्यात आले. ठोकळे उचलून ठेवण्याच्या मुख्य कसोटीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र दैनंदिन कामात हात किती व कसा वापरला जातो, या रुग्णांनीच नोंदवलेल्या मापनात एका महिन्यानंतर हातमोज्याचा गट सरस ठरला. नमुना लहान असल्याने हा निष्कर्ष सावधपणे घ्यावयास हवा.

खेळाची मर्यादा व घराची क्षमता :
खेळ डिजिटल आहे, एवढ्यानेच तो गुणकारी ठरत नाही. गुस्ताव्हो सापोस्निक यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत (२०१६) १४१ रुग्णांपैकी काहींना ‘वी’ हा व्हिडिओ गेम, तर इतरांना पत्ते, डॉमिनो यांसारखे साधे खेळ देण्यात आले. हातांच्या सुधारणेत दोन्ही गट समान ठरले. ही चाचणी घरी नव्हे, रुग्णालयांत झाली होती. तरीही महागडे उपकरण न परवडणाऱ्या कुटुंबासाठी तिचा बोध मोलाचा आहे.

घरी केलेला सराव दुय्यम असतो, हा समजही टिकत नाही. स्टीव्हन क्रेमर यांच्या अमेरिकेतील चाचणीत (२०१९) १२४ रुग्णांना प्रत्येकी ३६ सत्रे देण्यात आली. एका गटाने घरी संगणकीय खेळांसह व दूरदृश्य मार्गदर्शनाखाली, तर दुसऱ्याने उपचारकेंद्रात सराव केला. ६६ गुणांच्या मापनश्रेणीत घरच्या गटाची सुधारणा ७.८६ व केंद्रातील गटाची ८.३६ गुणांची होती. घरचा उपचार केंद्रातील उपचाराहून निकृष्ट नाही, असा निष्कर्ष यातून निघाला. मात्र घरच्या सत्रांपैकी निम्म्या सत्रांत उपचारतज्ज्ञ पडद्यावर उपस्थित होते, हे विसरता येणार नाही.

खेळ संपल्यानंतर :
खरी परीक्षा खेळाबाहेर असते. अर्व्हाइन येथेच विकसित झालेल्या ‘मॅन्युमीटर’ या उपकरणात बोटात चुंबकीय अंगठी व मनगटावर संवेदक असतो. बोटे हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते व हालचालीची नोंद होते. दुबळा हात दिवसभरात किती वापरला गेला, याचा अंदाज त्यातून मिळतो. परंतु मोजणी म्हणजे उपचार नव्हे. त्या आकड्याचा अर्थ लावून पुढचे उद्दिष्ट ठरवणारा माणूस लागतोच. तसेच बोटांत थोडीही हालचाल नसलेल्या रुग्णास स्पर्शावर चालणारा हातमोजा उपयोगी पडत नाही. वेदना, सूज किंवा वाढता ताठरपणा असल्यास उपचारतज्ज्ञाचा सल्ला प्रथम घ्यावा लागतो.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, हस्त-पुनर्वसनात तंत्रज्ञानाचे मोल त्याच्या नावीन्यात नसून योग्य हालचालीची आवर्तने वाढवण्यात आणि रुग्णाला सरावात टिकवून ठेवण्यात आहे. खेळातील गुणसंख्या वाढली, पण ताटातला घास अजूनही दुसऱ्याच हाताने उचलला जात असेल, तर पुनर्वसन अपूर्णच राहिले, असे म्हणावे लागेल.